भोलूची साइज

नियमांचं पुस्तक घेऊन चार माणसं बसली की नियम कमी पाळले जातात आणि किस्से जास्त साठतात! आमच्या रविवारच्या अड्ड्याचंच घ्या ना. झाशीत गिरीशदादांच्या वरच्या खोलीत आमचा फाशांचा खेळ चालतो. दादा गोष्ट सांगतात, आम्ही प्रत्येक जण तिच्यातलं एक पात्र होतो, आणि जगायचं की मरायचं ते फासे ठरवतात. दादा आणि मुकुल रेल्वेत, मी बँकेत. खेळात मी तलवारबाज, मुकुल शिकारी. आणि मुकुलजवळ एक अस्वल आहे. माझं सगळं दुखणं तिथेच आहे.

*

शिकाऱ्याला सोबतीला एक प्राणी मिळतो. पण तो मालकापेक्षा मोठा नको, असा नियम. नाहीतर एकच खेळाडू लढाई मारून नेतो आणि बाकीचे चिवडा खात बसतात. मुकुलनं अस्वल मागितलं तेव्हा मी लगेच नियमावर बोट ठेवलं.

मुकुलला मराठी सगळी समजते, पण तोंड उघडलं की हिंदी. म्हणाला, "भैया, अभी तो बच्चा है!"

दादा विरघळले. भोलू नावाचं ते पिल्लू बघता बघता बैलाएवढं झालं. मी पुन्हा हरकत घेतली.

"बड़ा हो गया तो क्या घर से निकाल दूँ?"

*

एकदा वाट अरुंद भुयारातून होती. मी इतका खूश झालो की दादांना पुन्हा विचारून घेतलं, "नक्की अरुंद आहे ना?"

भोलू बाहेर राहिला. आत मी एकटा दरोडेखोरांच्या सरदाराशी लढलो. लोळवणारच होतो, तेवढ्यात तो मला चुकवून आल्या वाटेनं बाहेर पळाला. बाहेर कोण? भोलू!

"भोलू ने कुछ नहीं किया," मुकुल अगदी नम्रपणे म्हणाला, "बस उठ के खड़ा हुआ."

टाळ्या अर्थातच भोलूला.

*

मग मीही प्राणी मागितला. दादांनी पुस्तक चाळलं. "तलवारबाजाला लहानच मिळेल. बॅलन्स सांभाळावा लागतो बाबा!"

मला मुंगूस मिळालं. हौसेनं नाव ठेवलं चिंगी. पहिल्याच लढाईत चिंगी घाबरून पळाली आणि भोलूच्या पाठीवर जाऊन बसली. उतरेचना! दर रविवारी मी तिला बोलावतो, फासा टाकतो, ती हलत नाही.

"रहने दो भैया," मुकुल म्हणतो, "वहाँ गरम है."

*

घरी तरी आपलं माणूस असावं! एका रविवारी निघताना आई डबा हातात देते. "बेसनाचे लाडू आहेत. आधी भोलूला दे."

"आई, ते अस्वल खरं नाहीये!"

"ठाऊक आहे रे. पण किती गुणी आहे ते!" मग दारापर्यंत येऊन हळूच, "तुझा तो तलवारवाला आहे ना अजून?"

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी पार जळून कोळसा झालो.

*

मग मुकुलची भुसावळला बदली झाली. आमच्याकडे रीत अशी की गाव सोडणाऱ्यानं खेळातलं आपलं सगळं टेबलावर ठेवायचं आणि दादांनी ते वाटायचं. मी चेहऱ्यावर दुःख आणलं. थोडं खरंही होतं. मनात मात्र एकच धावा, भोलू!

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "अस्वल ह्याला देऊन टाकतो. किती दिवस जळतोय बिचारा!"

पुढच्या रविवारी मुकुल व्हिडिओ कॉलवर हजर झाला, नवीन पात्र घेऊन. साधा पुजारी, हातात घंटा. समोर राक्षस उभा. मी तलवार चालवली, मग ऐटीत म्हणालो, "आता भोलू!" फासा असा पडला की एका पंजात राक्षस आडवा! खोली दणाणली. पहिल्यांदाच सगळ्यांच्या टाळ्या माझ्यासाठी होत्या.

मग फोनमधून मुकुल बोलला, आणि चक्क मराठीत बोलला.

"दादा, एवढा मोठा प्राणी एकाच माणसाकडे? हे बॅलन्समध्ये बसतं का?"