जुन्या पत्रिकेची माणसं

आपल्यामुळे जगात कुणाचंही काही अडू नये, ही जबाबदारी ब्रह्मदेवाने एकट्या आपल्यावर टाकली आहे, अशी तळवड्याच्या ऑफिसातल्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांची ठाम समजूत होती. आम्ही लोकांच्या कोडमधल्या चुका शोधणारं सॉफ्टवेअर बनवायचो. ते तपासायला एक तयार टेस्टिंग लायब्ररी, म्हणजे चाचण्या आपोआप चालवणारा आयता कोड, वापरायचो. तिचं कुठलं व्हर्जन कुठल्या गिऱ्हाइकाकडे चालतं, याचा पेन्सिलीने लिहिलेला तक्ता यांच्या टेबलाच्या काचेखाली असे. कुणी नव्या व्हर्जनचं नाव काढलं, की हे चष्मा वर करून विचारत, “आणि चाकणवाल्यांचं काय?” आमचं गिऱ्हाईक असलेला चाकणचा एक कारखाना कोड यंत्राच्या भाषेत उतरवायला अजून जुनाट कंपायलर वापरत होता. ऑफिसात यांना ‘चाकणचे जावई’ म्हणत. घरीही तेच. नव्या मिक्सरला जुनी भांडी बसेनात, तर यांनी मिक्सरच परत केला. पुतण्याच्या लग्नाचं कार्यालय ऐनवेळी बदललं, तेव्हा हे फेटा बांधून सकाळभर जुन्या कार्यालयाच्या फाटकाशी उभे. वहिनी फोनवर ओरडल्या, “अहो, अक्षता पडल्या!” हे शांतपणे म्हणाले, “पडू देत. जुनी पत्रिका घेऊन अजून माणसं येताहेत.”

एकदा ते रजेवर असताना मी, त्यांचा वरिष्ठ, ती लायब्ररी धरून सगळी तयार पॅकेजं एका दमात नवी करून टाकली. एकही टेस्ट नापास नाही! मी ऑफिसभर पेढे वाटले. खरं तर नव्या लायब्ररीला आमच्या जुन्या टेस्ट सापडल्याच नव्हत्या. एकही चालली नाही, म्हणून एकही नापास झाली नाही. चाकणला मात्र आमचं सॉफ्टवेअर सुरूच होईना. ते रजेवरून परतल्यावर मालकांनी मीटिंगमध्ये विचारलं, “कुणाचं हे काम?” माझ्या तोंडून निघालं, “व्हर्जनचं सगळं यांच्याकडे असतं.” बदल कुणी केला, याची नोंद कॉम्प्युटरात माझ्या नावाने होती. ती या गृहस्थांनी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आधी दुरुस्त करतो. लोक खोळंबलेत.” महिन्याभरात त्यांची नोकरी गेली.

परवा राजगुरुनगरला त्यांच्या घरी जाऊन विचारलं, “तेव्हा बोलला का नाहीत?”

“साहेब, तुमच्या निवृत्तीला वर्ष राहिलेलं. मला काय, दुसरीकडे मिळाली असती नोकरी.”

“मिळाली?”

“नाही ना!” म्हणून ते मनसोक्त हसले. त्यांची मुलगी वाकडला याच धंद्यात आहे. नोकरी का गेली म्हणून तिला काय सांगितलंत, असं विचारल्यावर मात्र हसू थांबलं.

“ती कधी विचारत नाही,” ते म्हणाले.

पोरी, ते मी केलं होतं.