दोन लोंब्या

दहिवलीच्या एका शेतात ती म्हातारी मला एकदाच भेटली. एका बियाणं कंपनीने भाताचं नवं वाण स्वतःच्या नावावर नोंदवलं होतं आणि ते बी आमच्या घरातलं आहे, अशी तिची तक्रार होती. मी प्रयोगशाळेतून नमुना न्यायला गेले होते.

कंपनीची लोंबी माझ्याकडे होती. ती आणि स्वतःची, अशा दोन्ही लोंब्या तिने बोटांनी विंचरून तळहातावर शेजारी ठेवल्या. मग एक लोंबी अंगठ्याने हळूहळू सरकवत तिने दाण्यासमोर दाणा आणला. एका ठिकाणी दाणा गळला होता. तिथे तिने जागा रिकामी सोडली आणि पुढे जुळवत गेली. माझा कॉम्प्युटर दोन भातांच्या डीएनएची अक्षरं अशीच जुळवतो, गळलेल्याची जागा सोडून. ते शिकण्यात माझी सहा वर्षं गेली.

"मावशी, मशीनवर दोन्ही सारखी निघाली तर तुमचंच खरं ठरेल," मी ऐटीत म्हणाले.

ती हसली नाही. "सारक्याच हायेत गं बाय. पन कोनी कोनाचं नेलं, ते सांगतं का तुजं मशीन?"

दोन्ही तंतोतंत सारखी निघाली. मी तसा अहवाल लिहिला, खाली सही केली. कंपनीकडे नोंदणीचा कागद होता, तिच्याकडे नुसती घरच्या बियाण्याची कणगी. माझाच अहवाल दाखवून कंपनीच्या माणसाने तिला बजावलं, आमचं बी पेरायचं नाही.

आमच्याकडे नव्याने येणाऱ्यांना तो अहवाल अजून नमुना म्हणून देतात. त्यात एकही चूक नाही.