मामाच्या गाड्या आणि दसऱ्याचे वाटाणे

अख्ख्या भोपाळात माझ्या मामाइतक्या गाड्या कोणाकडे नाहीत, मंत्र्याकडे नाहीत, ट्रकवाल्या सेठकडे नाहीत, आणि मामाला चालवता येते फक्त सायकल. गाड्या सगळ्या तळहातावर मावणाऱ्या, खेळण्यातल्या, पण हे मामासमोर बोलायचं नाही. "खेळण्यातली" म्हटलं की त्याचं तोंड असं होतं जसं कोणी त्याच्या आईला नावं ठेवली. बरखेड्याला क्वार्टरमध्ये राहतो तो. दुसऱ्यांच्या घरी काचेच्या शोकेसमध्ये कपबश्या आणि ताजमहाल असतो, मामाकडे तिथे गाड्या पार्क केलेल्या असतात, रांगेनं, तोंड बाहेर, म्हणजे आग लागली तर पटकन काढता येतील, आणि मामीचा लग्नातला डिनर सेट पलंगाखाली पोत्यात. आग लागली तर डिनर सेटचं काय, हे मामीनं एकदा विचारलं होतं. मामा म्हणाला, "तो काय पेटतोय थोडाच." कारखान्यात तो मोठाल्या क्रेन दुरुस्त करतो, दिवसभर माणसाएवढ्या चाकांना ग्रीस, आणि घरी आला की हात घासून घासून धुऊन नखाएवढ्या चाकांना खोबरेल तेल. कोणी म्हटलं की अहो, आता एक खरी घ्या की, सगळ्यांनी घेतली, तर मामा शोकेसकडे बघतो आणि म्हणतो, "घेतली असती हो, पण ठेवू कुठं?"

मामीला बघायला गेला तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर सगळे म्हणाले, मुलाला काही विचारायचं असेल तर विचारा. मामानं एकच विचारलं, "तुम्हाला लहान भाऊ आहे का?" मामी म्हणाली, नाही. तिथंच पसंत केली. मामी बिचारी खूश, तिला वाटलं केवढा समजूतदार माणूस, घरच्या जबाबदारीची चौकशी करतोय. लग्न झाल्यावर शोकेस बघितलं तेव्हा कळलं की ह्याला मेव्हण्याची नाही, मेव्हण्याच्या हातांची भीती होती. मामी अजून सांगते, आणि सांगताना लाटणं हातात असतं.

पण गंमत अशी की पोरं त्याला आवडायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला त्याच्याकडे सोडायची तेव्हा कॉलनीतली सगळी पोरं तिथं. मामा खडूनं पूर्ण फरशीवर रस्ते काढायचा, चौराहे, पुलिया, देवघरापाशी पेट्रोल पंप, आणि मग गाडी मिळायची, पण लायसन असेल तर. लायसनची परीक्षा म्हणजे दाराच्या उंबऱ्यावरून गाडी या टोकापासून त्या टोकाला न्यायची, पडली की नापास. मी दर सुट्टीला नापास. पडायची नाही माझी, मी पुढेच न्यायची नाही. समोरून कोणी येतंय का, मागून कोणी येतंय का, बघतच बसायची. शेवटी मामानं दयेनं लायसन दिलं तर चौराह्यावर मी अशी थांबायची की मागे पोरांची लाइन लागायची, स्वयंपाकघरापर्यंत. "ए चल ना, जाम लग गया!" पोरं ओरडायची. मामा शिट्टी मारायचा आणि म्हणायचा, "छकुले, अगं इथे अपघात झाला तर फार तर तुझं बोट चेमटेल. घे पुढे!" मी रडायची. मग मला क्लीनर करायचा. क्लीनर म्हणजे फडक्यानं गाड्या पुसायच्या. ते मी छान करायची, त्यात समोरून कोणी येत नाही.

आणि दसरा. बरखेड्यात दसऱ्याला सगळी कॉलनी स्कूटर-गाड्या धुऊन हार घालते, चाकाखाली लिंबू ठेवते. मामाच्या गाडीखाली लिंबू ठेवलं तर गाडीच लिंबावर चढून बसणार, पूजा म्हणावी की सर्कस. म्हणून मामा आदल्या रात्री वाटाणे भिजवायचा. प्रत्येक गाडीच्या चाकांखाली एकेक भिजलेला वाटाणा, बोनेटवर हळदीकुंकवाचं बारीक बोट, झेंडूची एकेक पाकळी, आणि मग एकेकीला ढकलून वाटाणा चिरडायचा. दोनशेच्या वर गाड्या, दुपार व्हायची. त्या चिरडलेल्या वाटाण्यांची मामी उसळ करायची, कारण टाकायचे कशाला. माझ्या आजोळी दसऱ्याला श्रीखंड असतं आणि ट्रकखाली आलेल्या वाटाण्यांची उसळ असते. लग्न होईपर्यंत मला वाटायचं सगळ्यांकडे असते.

आता मी सोनागिरीला असते, सासर मामाच्या जवळच आहे, आणि मला एक मुलगा आहे, दीड वर्षाचा, गुड्डू. तो झाल्यापासून मी श्वास सोडला असेल असं मला आठवत नाही. मी द्राक्षाचे चार तुकडे करते. बटणाचे शर्ट घालत नाही त्याला. झोपला की नाकापाशी बोट धरून बसते, तर सासूबाई म्हणतात, "अगं, त्या बोटामुळेच त्याला श्वास घेता येत नसेल." शिकलेल्या बायका पुस्तकात बघत असतील काय करायचं ते, मी आठवीनंतर शाळा पाहिली नाही, मला फक्त भीती वाटते आणि मी ती मन लावून करते. मामाला स्वतःचं मूल नाही, तर गुड्डू म्हणजे त्याचा जीव, पण शोकेसची काच बंद ठेवून. काचेतून बघ राजा, पाच वर्षांचा झालास की परीक्षा घेऊ.

ह्या दसऱ्याला मामा सगळ्या गाड्या खाली मांडून बसला, मी गुड्डूला मांडीवर घट्ट धरून, आणि मामीनं आतून हाक मारली की जरा हे पातेलं धर. मी गेले आणि आले, तेवढंच. आले तर गुड्डू गाड्यांच्या मधोमध बसून चाकांखालचे वाटाणे वेचून खातोय. मी किंचाळले, तोंडात बोट घातलं, अर्धा वाटाणा निघाला. मामा हसत होता. मग हसता हसता त्याची नजर लाल दिव्याच्या पांढऱ्या गाडीवर गेली आणि तो म्हणाला, "टायर?" पुढच्या चाकाचं रबराचं टायर नव्हतं. पाटाखाली बघितलं, परडीत बघितलं, गुड्डूच्या मुठी उघडल्या. नाही. गुड्डू आपला आमच्याकडे बघून खुशीत ढेकर देतोय.

आता बघा, घरात दोनशे गाड्या आणि दवाखान्यात जायला एक नाही. मी गुड्डूला छातीशी धरून जिना उतरले, पायात चप्पल नाही, मामा मागे, तोही अनवाणी, कपाळावर कुंकू. खालच्या काकांची गाडी नुकती धुऊन उभी, हार घातलेला, पंडितजी मंत्र म्हणतायत. मामा ओरडला, "पंडितजी, हटो!" आणि काकांनी गाडी काढली, आम्ही लिंबावरूनच निघालो. अख्ख्या रस्ताभर मी गुड्डूचं तोंड उघडं धरून बसले होते आणि तो मला चावत होता. मामानं मुठीत पांढऱ्या गाडीचं दुसरं टायर आणलं होतं. डॉक्टरांसमोर ठेवून म्हणतो, "सर, बिलकुल ऐसा ही है. आगे का था, लेफ्ट साइड का."

डॉक्टरांनी छाती तपासली, पोट दाबलं, गुड्डू खिदळला. "साँस बिलकुल साफ है. नीचे उतर गया होगा. खाता-पीता रहे, पॉटी देखते रहिए, निकल आएगा. उल्टी हो, पेट फूले, तो फौरन ले आइए."

"सर," मामा हळूच म्हणाला, "अंदर घिसेगा तो नहीं?"

"बच्चा?"

"टायर."

मी मामाकडे असं बघितलं की तो तोंड फिरवून भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र वाचायला लागला. पण तो अजून अनवाणी होता, आणि तोंडातून निघालं काय तर टायर. तो घाबरला की असाच, गाडीचंच बोलतो, दुसरी भाषा येत नाही त्याला.

दुसऱ्या दिवसापासून मामा ड्यूटीच्या आधी सायकलवर आमच्या दारात हजर, हातात मामीची चहाची जुनी गाळणी. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. "अहो, तुम्ही कशाला, आम्ही बघतो ना." मामा म्हणाला, "नाही, मला ओळखू येईल." जो माणूस गाडीला बोट लागलं तर फडकं घेऊन धावतो, तो माणूस आमच्या नळाखाली उकिडवा बसून माझ्या पोराची शी गाळत होता. पहिल्या दिवशी वाटाण्याची सालं. दुसऱ्या दिवशी गाजर. मी देवाला नवस बोलत होते, सगळ्या देवांना, तेव्हा कोण कुठल्या खात्याचा हे बघायला वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी गाळणीत काळं काहीतरी आलं. मामानं ते धुतलं, परत धुतलं, उजेडात धरलं. टायरच होतं. मामा कितीतरी वेळ त्या टायरकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एवढंसंच आहे गं हे." मग सायकल काढून गेला, घंटी न वाजवता.

पण मी काही गुड्डूला परत तिकडे नेलं नाही. मामीचा फोन आला की मी सांगायची, दात येतायत, सर्दी आहे, ह्यांना सुट्टी नाही. दिवाळीला फराळ ह्यांच्या हातून पाठवला. मामा येता-जाता फाटकाशी सायकल थांबवायचा, एक पाय खाली टेकून, गुड्डूला हात करायचा आणि जायचा. आत ये म्हटलं तर, "नको, ड्यूटी आहे." रविवारी कसली ड्यूटी? शेवटी मामीच फोनवर चिडली. "ये आणि बघ तरी एकदा त्या माणसानं काय करून ठेवलंय. माझा भुवयांचा चिमटापण गेला कामातून."

गेले. शोकेस उघडं. आणि सगळ्या गाड्या, ट्रक, टँकर, जीप, लाल दिव्याची पांढरी, सगळ्या बिनटायरच्या. नुसत्या कडांवर उभ्या, जसे सगळे जण चप्पल काढून देवळात आलेत. मामानं महिनाभर संध्याकाळी बसून एकेक टायर चिमट्यानं ओढून काढलं होतं. टायरं सगळी बरणीत, झाकण घट्ट, बरणी कपाटावर. मला म्हणाला, "ओढून बघितलंय सगळं. आरसे काढले. वायपर काढले. आता ह्यातलं काही निघत नाही." आणि परीक्षा नाही, पाच वर्षं नाही, लाल दिव्याची गाडी उचलून सरळ गुड्डूच्या हातात दिली. दिवा पण काढला होता.

गुड्डूनं ती फरशीवर घासली. खडखडखड, असा आवाज की मामीनं कानावर हात ठेवले. रंग उडाला, मी बघितलं. "मामा, खराब होतेय रे."

"होऊ दे."

माझा हात गुड्डूच्या तोंडापाशीच होता. मामा म्हणाला, "आता काय खाईल गं? बोनेट?" मी हसले, हात काढला नाही. मामा समोर पालथा पडला आणि तिकडून ट्रक घेऊन आला, आणि दोघांनी समोरासमोर अशी धडक दिली की लहानपणी आमच्यापैकी कोणी दिली असती तर लायसन जन्मभरासाठी गेलं असतं.

संध्याकाळी गुड्डू झोपेला आला, मी त्याला खांद्यावर टाकून निघाले. मामा फरशीवरच होता, तिथूनच हात हलवला. जिन्याच्या वळणावर आले तर वर परत खडखड सुरू झाली, अगदी हळू, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत. मग मामीचा आवाज आला, "अहो, पोरगं गेलं!" खडखड थांबली. मी तिथंच थांबले. मग परत खडखड.