कॅल्क्युलेटरवरची ऊसवाहतूक

माझ्या नणंदेची मुलगी अमेरिकेत शाळा संपवून कॉलेजला गेली, तेव्हा तिचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर घरात पडून राहिला. नणंदबाईंनी तो चॉकलेटांच्या पिशवीत घालून सांगलीला आणला आणि माझ्या हातात ठेवला. "तुम्ही गणित शिकवता, तुम्हाला उपयोगी पडेल."

मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. आमच्या मुलांना परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, अजून लॉगची पुस्तकंच उघडतात. म्हणजे उपयोग शून्य. तरी मी तो वर्गात नेला, साइनचा आलेख काढला आणि देवीची आरती फिरवावी तसा बाकाबाकांवरून फिरवला. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, हे मोबाईलवर रंगीत येतं. मोठंही करता येतं." साडीचा फॉल निघालाय हे जितक्या हळू सांगावं, तितक्याच हळू तिनं सांगितलं. त्यामुळे जास्त लागलं.

कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये गेला तो दिवाळीच्या सुट्टीतच बाहेर आला, तोही स्टेपलर शोधताना. सहज बटणं दाबता दाबता कळलं की त्यात प्रोग्रॅम लिहिता येतो. बी.एस्सी.ला मला प्रोग्रॅमिंगचा एक पेपर होता. पण अख्ख्या वर्गात एकच संगणक असल्यामुळे आम्ही सगळे प्रोग्रॅम वहीत लिहिले. माझ्या एकाही प्रोग्रॅममध्ये आजवर चूक निघाली नव्हती, कारण एकही चालवून बघितला नव्हता. हा आत्मविश्वास मी पंचवीस वर्षं जपून ठेवला होता.

पहिला प्रोग्रॅम वर्गसमीकरणाचा. तो चालला. मी नवऱ्याला उठवून दाखवला. तो दुपारचा झोपला होता. म्हणाला, "छान. पण हे तर तू तोंडी काढतेस." हे खरं होतं. मग वाटलं, जे मला तोंडी येत नाही असं काहीतरी करावं. गेम करावा.

कल्पना रस्त्यावरच सुचली. माधवनगरकडून स्कूटीवर येताना पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. मागं दोन ट्रॉल्या, वरून लोंबणारी उसाच्या शेंड्यांची वाढं, ओलांडायची सोय नाही. अर्धा तास मी त्याच्या मागून रांगत होते आणि घरी पोचेपर्यंत गेम तयार होता. पडद्यावर ट्रॅक्टर फिरतो, उसाची मोळी उचलतो. प्रत्येक मोळीला मागं एक ट्रॉली वाढते. कडेला धडकला किंवा स्वतःच्याच ट्रॉलीवर गेला की खेळ संपला. पडदा सोळा अक्षरं रुंद आणि आठ ओळी उंच. ट्रॅक्टर म्हणजे इंग्रजी टी, ट्रॉली म्हणजे ओ, ऊस म्हणजे चांदणी. चार दिवस फराळाचं विकत आणून मी हा गेम लिहिला. स्टाफरूमच्या ग्रुपवर "एका सॉफ्टवेअरवर काम सुरू आहे" असंही टाकलं.

नवऱ्यानं तो हातात घेतला, चार मोळ्या उचलल्या आणि म्हणाला, "अगं, हा जुन्या मोबाईलमधला साप आहे."

तो सापच होता. माझ्याकडेही तसला मोबाईल होता आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी त्याच्यावर रोज साप खेळत होते. तरी ही कल्पना माझीच, असं मला चार दिवस मनापासून वाटत होतं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याची काहीच चूक नव्हती.

त्याच आठवड्यात मामंजी आले. माझे सासरे साताऱ्याकडच्या गावी राहतात. फौजेत सिग्नलमध्ये, वायरलेस यंत्रांवर होते. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी ट्रॅक्टर घेतला आणि वीस हंगाम कारखान्याला ऊस वाहिला. मिरजेला त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि तपासणीला जवळ पडावं म्हणून ते आमच्याकडे राहिले. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, धुळीत जायचं नाही. काळा चष्मा लावून ते हॉलमध्ये बसत आणि पंखा किती वेळानं कुरकुरतो ते मोजत. डॉक्टरांनी थोडं वाचायला परवानगी दिली त्या दिवशी, मला खरं तर कौतुक करणारा माणूस हवा होता म्हणून, मी कॅल्क्युलेटर त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, "मामंजी, हा ट्रॅक्टर आहे. मी केलाय."

त्यांनी आयुष्यात साप खेळला नव्हता. त्यामुळे त्यांना तो ट्रॅक्टरच दिसला. दहा मिनिटं त्यांनी मन लावून चालवला. मग चष्मा काढला.

"पोरी, ह्यो जाग्यावर कसा काय वळतोय?"

"बाण दाबला की वळतो."

"तसं न्हाई. भरल्या ट्रॉलीनिशी असा काटकोनात वळवला तर मागची ट्रॉली पलटी हुती. आन् ह्या किती ट्रॉल्या? नऊ? दोनाच्या वर कोण लावतंय?"

मी म्हटलं, "गेम आहे मामंजी. ट्रॉल्या वाढत नाहीत तर मजा कशी येणार?"

"मग ऊस जातोय कुठं? नुसता भरतच निघालाय. कारखाना कुठाय?"

पडदा लहान आहे, मेमरी कमी आहे, वेग मंदावतो, असं मी बरंच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कॅल्क्युलेटर टीपॉयवर ठेवला. "मग त्याला ट्रॅक्टर म्हणू नगो. दुसरं कायतरी नाव दे."

माझ्या पेपर तपासणीवरही कधी कुणी असा शेरा मारला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरायचं सोडून मी सगळं पुन्हा लिहायला बसले. आता दोनच ट्रॉल्या. वळायला दोन घरं लागतात. कोपऱ्यात कारखाना, त्याच्या दारात वजनकाटा. मामंजी शेजारी बसून सांगत होते. "काट्यावर गेल्या गेल्या वजन हुतंय व्हय? आधी नंबर लागतोय." म्हणून मी रांग घातली. "पाचसात गाड्या? हंगामात दीडशे असत्यात." दीडशे ट्रॅक्टर सोळा अक्षरांत मावत नव्हते, म्हणून मी नुसता आकडा दाखवला. आकडा खाली येईल तसा तुमचा नंबर जवळ येतो. तो किती वेळानं खाली यावा यावर आमचा वाद झाला. मी दोन सेकंद म्हणत होते. मामंजी म्हणाले, "तसं कुठं असतंय?" शेवटी मधूनमधून आकडा थांबावा आणि का थांबला ते कळू नये, असं ठरलं.

असा माझा गेम तयार झाला. पाच मिनिटं ऊस गोळा करायचा आणि अर्धा तास रांगेत उभं राहायचं. बटण दाबलं तरी काही होत नाही. मामंजींना तो फार आवडला. हॉलमध्ये बसून ते आकड्याकडे बघत असत. मी चहा विचारला तर म्हणायचे, "थांब, बेचाळीस ऱ्हायल्यात." नवरा एकदा खेळला आणि रांगेत लागल्यावर सतरा सेकंदांत त्यानं कॅल्क्युलेटर बिघडला म्हणून परत दिला.

बिघाड नंतर झाला. रांगेत तासन्‌तास उभं राहून सेल उतरले. मी कॉलेजात होते. मामंजींनी खाली दुकानातून नवे सेल आणवले. जुने काढताना त्यांना आत एक बटणाएवढा छोटा सेलही दिसला. सिग्नलमधला माणूस. त्यांनी तोही काढला, धोतराच्या सोग्यानं टोकं पुसली आणि सगळं नीट परत बसवलं. त्या छोट्या सेलच्या जिवावरच आतली मेमरी टिकते. मी आले तेव्हा पडदा स्वच्छ होता आणि मामंजी सोफ्याच्या कडेला टेकून बसले होते.

"माझ्याकडनं कायतरी झालं," ते म्हणाले. "ट्रॅक्टर गेला."

मला रडू आलं असतं, पण त्यांच्या डोळ्याला अजून थेंब चालू होते, माझे कशाला. वहीत उतरवून ठेवलं असतं तर काही बिघडलं नसतं. वर्गात मी रोज ओरडते, पायऱ्या लिहा, नुसतं उत्तर लिहू नका. मी एकही पायरी लिहिली नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी सगळं वहीत लिहिलं आणि चालवलं काहीच नाही. आता सगळं चालवलं आणि लिहिलं काहीच नाही.

"तुला पाठ आसंल की," मामंजी म्हणाले.

मला काहीच पाठ नव्हतं. पण त्यांना होतं. प्रोग्रॅम नव्हे, गेम. रांगेत एकसष्टला आकडा थांबतो, मग तेविसाला. ओला ऊस असला की वजन जास्त भरतं. ट्रॉली कुठं पलटते. ते क्रमानं सांगत गेले आणि मी वहीत लिहीत गेले. तीन संध्याकाळी लागल्या. नवा प्रोग्रॅम पहिल्याच्या निम्म्या लांबीचा झाला, कारण पहिल्यात मी एकच काम चार ठिकाणी लिहिलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. मामंजींनी मात्र ओळखलं. "आता रिकाम्या ट्रॉलीवानी पळतोय बघ," म्हणाले.

ते गावी गेल्यावर भाचीनं कॅल्क्युलेटर संगणकाला जोडायची केबल पाठवली आणि असले कॅल्क्युलेटर घेऊन बसणाऱ्या जगभरच्या लोकांचा एक फोरम दाखवला. तिथं मी गेम टाकला. सोबत इंग्रजीत दोन पानांची प्रस्तावना लिहिली, ऊस म्हणजे काय इथपासून. आठवडाभर कुणी काही बोललं नाही. मग कुठल्या तरी थंड देशातल्या एका गृहस्थाचा निरोप आला. ट्रॅक्टर दारात अडकतो, प्रोग्रॅममध्ये चूक दिसते.

मी उत्तर लिहिलं की चूक नाही, रांग आहे, थांबा.

दोन दिवसांनी त्यांनी कळवलं की ते थांबले. चाळीस मिनिटांनी आत गेले. घरच्यांनी त्यांना काय म्हटलं तेही लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं की एवढा वेळ तिथं उभी राहणारी माणसं करतात तरी काय?

मी मामंजींना फोन लावून विचारलं. ते म्हणाले, "चहाचं गाडं असतंय की दारात. ते घातलं न्हाईस व्हय?"

नव्हतं घातलं. सध्या तेच काम चालू आहे. चहाच्या गाड्याला इंग्रजी सी हे अक्षर देऊन झालंय. बटण दाबलं की चहा मिळतो आणि तेवढ्यात मागचा ट्रॅक्टर पुढं घुसतो.