खवा खाल्ला आणि नोंद चुकली

पळसाच्या पानावरचा गरम खवा मी चाटूनपुसून खाल्ला, आणि तो आटवणाऱ्या बाईच्या नावापुढं त्याच हातानं 'काम करत नाही' असं भरून मोकळी झाले होते. त्याची मला आजही लाज वाटते.

मी कंत्राटावर सर्वेक्षणाला होते. घरोघरी जायचं आणि विचारायचं, कोण काम करतं, कोण काम शोधतं. भूम तालुक्यातल्या त्या गावात एका म्हाताऱ्यानं ओसरीवर घोंगडी टाकली आणि सगळ्या घराची उत्तरं स्वतःच दिली. थोरला मुलगा पुण्यात राहतो, म्हणून तो यादीत नाही; यादीत तिघंच, म्हातारा, धाकटा आणि सून. "म्या म्हशी बघतो, खवा इकतो. धाकट्याला बेरोजगार लिवा, पोलीस भरतीचा फारम भरलाय त्यानं."

"आणि सूनबाई?"

"ती काय करती? घरीच असती."

आमच्याकडं हे उत्तर इतकं पाठ झालंय की बायासुद्धा स्वतःबद्दल तेच सांगतात. मीही तेच भरलं. तेवढ्यात भट्टीवरनं सून आली, घामानं निथळत. पाहुणीला तसंच कसं धाडायचं म्हणून माझ्या हातावर खव्याचं पान ठेवून परत गेली. लई गोड होता.

धाराशिवच्या एसटीत बसून टॅब उघडला तेव्हा डोक्यात उजेड पडला. बेकारीचा आकडा सगळ्या माणसांतून काढत नाहीत. जे काम करतात किंवा शोधतात त्यांची मिळून श्रमशक्ती, आणि त्यांतले शोधणारे किती, ती बेकारी. त्या घरात असे दोघंच निघाले, म्हातारा आणि धाकटा. म्हणजे बेकारी निम्मी! आणि सून? ना कामात, ना बेकारीत. तासन्‌तास धुरात बसून दूध आटवणारी बाई कुठंच नाही. घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारं माणूस कामात धरायचं, हे प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी घोकून घेतलं होतं. अगं बये, मग तू तिथं कुणाच्या हातचं खाल्लंस? स्वतःवरच्या संतापात हे इतक्या मोठ्यानं बोलले की पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

सर्वेक्षणाच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "राहू द्या हो मॅडम, एका बाईनं काय फरक पडतोय? उद्या संध्याकाळी सगळं पाठवायचंय." एकदा पाठवलं की बदलता येत नाही. माझ्या मनानं बदलता आलं असतं, पण तिला न विचारता लिहिलं तर म्हाताऱ्यात आणि माझ्यात फरक काय? म्हणलं, साहेब, मी उद्या सकाळी जाणार. आणि फोन ठेवला.

पहिल्या गाडीनं गेले. म्हातारा चकित झाला. "परत? काय ऱ्हायलं?"

"तुमची सून राहिली, बाबा."

ती भट्टीपुढं होती. मी शेजारी बसले. "ताई, गेल्या सात दिवसांत काय काम केलंत?"

तिनं सासऱ्याकडं बघितलं. "काय न्हाय. घरीच असते."

पुन्हा तेच पाठ उत्तर. पण उठले नाही. "आज म्हशी कुणी पिळल्या?"

"म्या."

"काल खवा कुणी केला?"

"म्याच. रोज म्याच करते की."

"अवो, ते घरचंच हाय!" म्हातारा मधे पडला. "त्याला काय काम म्हणत्यात व्हय?"

ती उठली. लांब दांड्याचं उलथनं तिनं सासऱ्यापुढं धरलं. "मग आज तुमी ढवळा, मामा."

म्हाताऱ्यानं धुराकडं बघितलं, कढईकडं बघितलं. हात काही पुढं केला नाही. खवा तळाला लागायला लागला, वास सुटला.

"लिवा, मॅडम," तो हळूच म्हणाला. "करती ती काम."

"ताईच सांगतील," मी म्हणलं.

ती खाली बसली आणि पुन्हा ढवळायला लागली. "लिवा. म्या काम करते."

लिहिलं. श्रमशक्तीत आता तिघं झाले, बेकार एकच. कुणाला नोकरी लागली नाही, तरी निम्म्यावरची बेकारी तिसऱ्या हिश्श्यावर आली. आणि साहेब विचारतात, एका बाईनं काय फरक पडतो!

"दावा की, कुठं लिवलंय," ती म्हणाली. मी टॅब पुढं केला. तिनं पदराला बोट पुसलं, आपल्या नावाखाली ठेवलं आणि सावकाश वाचलं.

"आता पाठवा," ती म्हणाली.