डोझरमामा आणि ओढ्याची वळणं

इंजिन चालू असताना डोझरमामा कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. तुम्ही बांधावर येऊन तोंड उघडलंत की ते आधी चावी फिरवत, टोपी गुडघ्यावर ठेवत आणि म्हणत, "हां, बोला. बोलण्यापायी धूर कशाला काढायचा?"

पलूसकडच्या आमच्या पाच गावांत मिळून मामांचा तो एकच डोझर. भाड्यानं मिळे, पण मामांच्या क्रमानं. उन्हाळ्यात ओढ्याच्या उगमापासून सुरुवात, मग शेताला लागून शेत करत खाली. वशिला, मटणाचं जेवण, काही चालत नसे. एकदा मी लंगडत गेलो. "मामा, पाय मुरगळलाय, बैलामागं चालवत न्हाई. आधी माझं रान करा." इंजिन बंद करून त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "येताना उजवा लंगडत हुता गड्या. आता डावा धरलायस."

नंबर आला तरी ते आधी रान पायाखाली घालत. पुष्कळदा तसेच परत निघत. "ह्येला डोझर कशाला? बैलं जुंप, दोन दिसांत हुतंय."

मला हे सोसेना. मी स्वतःचा डोझर घेतला. मामा पेढा खाऊन म्हणाले, "आता ह्येला काम हुडकत बसशील. दारातलं यंत्र आन् घरातला जावई, रिकामा बघवत न्हाई." हा किस्सा मी गावभर रंगवून सांगितला.

माझं रान आठवड्यात सपाट झालं. यंत्र दारात उभं. मग बांध काढले. मग ओढ्याकाठचं वडलांचं करंजाचं झाड. शेवटी वाकडातिकडा ओढाच फुटपट्टीसारखा सरळ केला. माझं बघून ओढ्याच्या वरच्या रानवाल्यांनीही डोझर घेतले, त्यांनीही तेच केलं. मामांना कुणी बोलवेना. पावसाचं पाणी घटकाभरात वाहून जाऊ लागलं आणि पाडव्यापर्यंत पुरणारी माझी विहीर संक्रांतीलाच तळ दाखवू लागली.

तेव्हा मामांकडे गेलो. म्हटलं, "जुनी वळणं तुमालाच ठावं. दाखवा."

आले. माझा डोझर चालू होता, तर गप्प उभे राहिले. मी चावी फिरवली. मग त्यांनी चुन्याची फक्की घेऊन आठवणीनं एकेक वळण आखलं. एका जागी थबकले. "हितं तुज्या बाचं करंज हुतं. वळण तुजा डोझर करंल रं. करंज न्हाई करायचा."

त्याच वर्षी पावसाळ्यात मामा गेले.

मी वळणं खोदली, करंजाचं रोपही लावलं. पण वरचा ओढा अजून सरळच आहे. दर पावसात पाणी धावत येतं आणि माझी वळणं मोडून जातं. मी पुन्हा फक्की टाकतो. खरं तर सुरुवात उगमापासून करायला हवी. पण तिथं आता ज्याच्या त्याच्या दारात स्वतःचा डोझर आहे.