फ्रिजमधले कंद
कांद्याच्या वाळक्या सालीचा वास आला, की मला बाल्कनीत पसरलेलं ते गोणपाट आठवतं. ग्रेप हायसिंथचे, दिसायला लहान कांद्यासारखे कंद मी हौसेनं मागवले होते. त्यांना द्राक्षाच्या इवल्या घडासारखी निळी फुलं येतात. पण आपल्या नाशिकची थंडी त्यांना पुरत नाही, म्हणून लावण्याआधी दोनेक महिने ते फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. गणपती झाल्यावर मी ते कागदी पिशवीत घालून भाजीच्या ट्रेमध्ये ठेवले. दसऱ्याला सासूबाई नांदगावहून आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर राहायला आल्या. त्यांचं सगळं आयुष्य कांद्यात गेलेलं. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर सगळे कंद बाल्कनीत गोणपाटावर, सावलीला, एकमेकांना लागणार नाहीत असे मांडलेले. "कांदा कुणी फ्रिजात ठेवतं का गं? सडला असता. आता लय दिवस टिकंल," त्या खुशीत म्हणाल्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसभर पडलेले कंद पाहून माझा तोल गेला. "मला विचारल्याशिवाय माझ्या फ्रिजला हात लावत जाऊ नका!" सासूबाई खाली बसल्या आणि एकेक कंद पदरानं पुसून पिशवीत भरू लागल्या. त्या हिवाळ्यात फुलं आली, भरभरून आली. एका दिवसाच्या उकाड्यानं काहीच बिघडलं नव्हतं. याला आता सहा वर्षं झाली. परवा सासूबाई आल्या होत्या. चहाला दूध हवं होतं, तर फ्रिजसमोर थांबून त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, "उघडू का गं?"